गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे : ताण देणे की बळ वाढवणे?

धावपटूंच्या गुडघ्याची बाहेरची बाजू वारंवार दुखू लागली की बहुतेकजण मांडीच्या कडेने नितंबापासून नडगीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या आयटी बँड या चिवट पट्टीला ताण देतात किंवा तिच्यावर फोम रोलर (फोमचा दंडगोल) फिरवतात. याने काही काळ बरे वाटते, हे खरे. परंतु ही पट्टी अत्यंत ताठ असून मांडीच्या हाडाला जोडलेली असल्यामुळे रोलरने ती लांब होत नाही. शिवाय दुखणे खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर असेल, तर पाय आडवा ओढून दिलेला ताण तिथल्या स्नायूबंधांवर दाब आणून त्रास वाढवू शकतो.

नितंबाच्या स्नायूंचे बळ वाढवण्याचा मार्ग संथ आहे, तरीही माझा कौल त्यालाच आहे. एका पायावर भार येताच कंबर दुसऱ्या बाजूला झुकू न देण्याचे काम हे स्नायू करतात. ते कमी पडल्यास मांडी आत वळते आणि गुडघा सुमारे 30 अंशांत वाकलेला असताना पट्टीखालच्या भागावर दाब वाढतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलताना टाच किंचित मागे ठेवावी, अन्यथा खुब्याच्या पुढचा स्नायूच सारे काम करतो. पुढे एका पायावरचे व्यायाम घ्यावेत. फरक जाणवायला काही आठवडे लागतात. तोवर उतारावर धावणे टाळावे आणि पावले आखूड करून दर मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या 5 ते 10 टक्क्यांनी वाढवावी. रोलर आवडत असेल तर जरूर वापरावा, मात्र व्यायामाच्या जागी नव्हे. सूज, गुडघा अडकणे किंवा रात्रीची वेदना असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.