कॉस्टिक पोटॅश ५०० ग्रॅम: माल बरा, झाकण बेकार

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॅन्टीनच्या वड्यांच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल करतोय, तेल आणि मिथेनॉलची रिॲक्शन घडवायला ही कॉस्टिक पोटॅशची (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) बाटली ऑनलाइन मागवली. तीन स्टार.

आधी कॉस्टिक सोडा वापरायचो. तो मिथेनॉलमध्ये विरघळायला जाम वेळ लावतो आणि रिॲक्शनमध्ये तेलातून सुटून खाली बसलेलं ग्लिसरीन थंड झालं की पार गोठतं, एकदा तर सेपरेटिंग फनेलचा (थर वेगळे करायच्या भांड्याचा) खालचा कॉकच चोंदला आणि मी गरम पाण्याचं फडकं लावून शेकत बसलो. पोटॅशला तो त्रास नाही, गोळ्या पटापट विरघळतात, ग्लिसरीन काकवीसारखं वाहतं, कॉक फिरवला की खाली. ह्यासाठी पैसे वसूल.

आता तक्रार. लेबलवर बारीक अक्षरात ‘किमान ८५ टक्के’ लिहिलंय, बाकी बहुतेक पाणीच. लॅब ग्रेडला हे नॉर्मल आहे पण मी बघितलंच नाही ना! ताज्या तेलाला लिटरमागे ४.९ ग्रॅम हा हिशोब शुद्ध पोटॅशचा, ८५ वाल्याचे ५.८ घ्यावे लागतात. वर जुन्या तेलातल्या ॲसिडसाठी वेगळं, टायट्रेशनला (ॲसिड मोजायच्या चाचणीत) १ मिली तेलाला ३ मिली द्रावण लागलं (ह्याच पोटॅशचं, लिटरला १ ग्रॅम) म्हणजे लिटरमागे अजून ३ ग्रॅम, एकूण ८.८. मी पहिल्या बॅचला शुद्ध धरून ७.९ (४.९ + ३) टाकले. लिटरला २०० मिली मिथेनॉल, ५५ डिग्री, तासभर ढवळणं, सगळं बरोबर, आणि शेवटी ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकलं तर तळाशी तेलाचा थेंब येऊन बसला, म्हणजे तेल पूर्ण बदललंच नव्हतं. ८.८ घेऊन परत केलं तेव्हा एकदम क्लिअर. लेबलवर हा आकडा जरा मोठा छापायला काय जातं?

आणि झाकण! आत सीलच नाही. पोटॅश हवेतली ओल ओढतं हे बारावीच्या पोरालाही माहितीये, वरच्या गोळ्या चिकटून ढेकूळ झालेलं, मी ते चमच्याने काढून टाकलं कारण तेलात पाणी गेलं की बायोडिझेलऐवजी साबणच जास्त होतो. मी आता दुसऱ्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलंय, काचेची बूच असलेली घेऊ नका, बूच चिकटून बसतं.

हातमोजे, चष्मा आणि मिथेनॉल फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), प्लीज. सेलरला ढेकळाचे फोटो पाठवलेत, चार दिवस झाले, रिप्लाय नाही.