जुनी हिमालयन घेताना: कार्ब्युरेटर की इंजेक्शन?

धाकट्या भावाला रॉयल एनफील्डची सेकंडहँड हिमालयन ४११ मोटरसायकल घ्यायचीय. एक २०१६ची, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणारी), स्वस्त. दुसरी २०१८ची, इंजेक्शनची (सेन्सरच्या हिशोबाने पेट्रोल फवारणारी), महाग.

आधी फ्रेम, म्हणजे गाडीचा सांगाडा. सुरुवातीच्या गाड्यांच्या फ्रेमला तडे गेल्याच्या तक्रारी होत्या, म्हणून २०१६ची गाडी टाकी काढूनच पाहावी. हँडलच्या नळीजवळचे जोड, मागे सामान लटकतं तिथले जोड पुसून टॉर्चने बघायचे. रंगाखाली गंजाची केसाएवढी रेघ दिसली, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्यायची. वरून मारलेल्या वेल्डिंगवर माझा तरी विश्वास नाही.

दुरुस्ती: कार्ब्युरेटर खेडेगावातला मिस्त्रीही उघडून साफ करतो. इंजेक्शनचा सेन्सर किंवा पंप गेला, तर स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. बॅटरी पूर्ण उतरली तर इंजेक्शनची गाडी ढकलूनही सुरू होणं कठीण.

चढाई: लडाखच्या विरळ हवेत कार्ब्युरेटरचं मिश्रण पेट्रोलने जड होतं, गाडी दम टाकते. इंजेक्शन ते बरंचसं स्वतः सांभाळतं. थंडीत चोकची कटकटही नाही.

गावाकडच्या वापराला, हाताने दुरुस्ती आवडणाऱ्याला, फ्रेम निर्दोष असेल तर २०१६ची चालेल. भावाला लडाखला जायचंय. त्याने २०१८चीच घ्यावी.