अर्धवट कर्नल काढायचा: ॲप्ट की डीपीकेजी?

उबुंटूवर (लिनक्स प्रणालीवर) अपडेट चालू असताना बूट विभाजन (डिस्कवरची कर्नलच्या फाइलींची जागा) भरलं की नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अर्ध्यात लटकतो. पॅकेजं बसवायची-काढायची दोन साधनं आहेत: वरचं ॲप्ट आणि त्याच्या खालचं डीपीकेजी. 'डीपीकेजी -एल'च्या यादीत निरोगी पॅकेजपुढे 'आयआय' असतं, लटकलेल्यापुढे 'आययू' (फक्त उलगडलेलं) किंवा 'आयएफ' (कॉन्फिगर होता होता अडकलेलं).

सवयीने हात आधी ॲप्टकडेच जातो, आणि ते बरोबरही आहे. कुठलं पॅकेज कुठल्यावर अवलंबून आहे याचा हिशेब तोच ठेवतो. 'ऑटोरिमूव्ह' (नको असलेली पॅकेजं काढणारा आदेश) चाललं तर जुने कर्नल जातात, विषय संपला. पण अवलंबनं तुटलेली असतील तर तो आधी 'फिक्स-ब्रोकन' (तुटलेलं दुरुस्त करणारा पर्याय) करा म्हणतो. ते केलं की ॲप्ट नवा कर्नल पूर्ण बसवायला जातो, इनिटरामएफएस (बूट होताना लागणारी फाइल) बनवायला जागा नाही, परत तीच त्रुटी. जागा हवी म्हणून काढायचं, आणि काढायला जागा हवी!

इथे डीपीकेजी कामाला येतो. तो सांगितलेलं पॅकेज थेट काढतो, बाकीची डागडुजी करत बसत नाही. मात्र इमेज (खुद्द कर्नलचं पॅकेज) एकटी काढायला गेलात तर मॉड्यूल्स-एक्स्ट्रा (त्याच कर्नलच्या जादा मॉड्यूल्सचं पॅकेज) तिच्यावर अवलंबून असल्याने नकार मिळतो. दोन्हींची नावं एकाच 'पर्ज' (सेटिंगसकट काढून टाकणाऱ्या) आदेशात द्या. त्याआधी 'यूनेम -आर' चालवून सध्या कुठला कर्नल चालू आहे ते बघाच. चालू कर्नल उडवला तर पुढच्या बूटला पंचाईत. डीपीकेजीचे 'फोर्स'वाले (नकार डावलून जबरदस्तीने काढणारे) पर्याय मी शेवटपर्यंत टाळतो.

माझा कौल: आधी ॲप्ट, अडला की डीपीकेजीने एखादा जुना कर्नल काढून जागा करायची, मग उरलेलं 'फिक्स-ब्रोकन'वर सोडायचं.