झेमोचा डाव किती पक्का? ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ची उलटतपासणी

आधीच सांगितलेलं बरं: चित्रपट पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळंच फोडलेलं आहे.

२०१६ सालचा, अँथनी आणि जो रूसो या भावांनी दिग्दर्शित केलेला हा १४७ मिनिटांचा चित्रपट. पोस्टरवर कॅप्टन अमेरिका (स्टीव्ह रॉजर्स) आणि आयर्न मॅन (टोनी स्टार्क) एकमेकांसमोर उभे, पण गोष्ट पुढे ढकलतो तिसराच माणूस. हेल्मुट झेमो. कॉमिक्समध्ये जांभळा मुखवटा चढवून मिरवणारा हा सरदार इथे साध्या कोटात, हातात बॅग घेऊन फिरतो. अंगात शक्ती नाही, पाठीशी फौज नाही. डॅनिएल ब्रूलने तो इतक्या खालच्या पट्टीत केलाय की पहिल्यांदा बघताना अर्धे प्रेक्षक त्याला विसरूनच जातात.

झेमोवर वाद घालताना दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. त्याचं कारण पटतं का, हा एक. त्याचा डाव प्रत्यक्षात जमला असता का, हा दुसरा. कारण शंभर नंबरी आहे. डाव लोक म्हणतात तितका कच्चा नाही, फक्त शेवटचा टप्पा नशिबावर सोडलेला आहे. आणि चित्रपटाचं खरं दुखणं झेमो नाहीच. ते आहे सोकोव्हिया करार, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स या महानायकांच्या गटाला सरकारी देखरेखीखाली आणणारा दस्तऐवज.

डावापासून सुरुवात करू. झेमोला एकच वस्तू हवी आहे: १६ डिसेंबर १९९१ च्या रात्रीचं चित्रण. त्या रात्री हायड्रा या गुप्त दहशतवादी संघटनेच्या ताब्यातल्या बकीने, म्हणजे स्टीव्हच्या जुन्या मित्राने, टोनी स्टार्कच्या आईवडिलांना मारलं. टेप आहे सायबेरियातल्या हायड्राच्या जुन्या तळावर, पण तो तळ कुठे हे माहीत असलेली माणसं मोजकी. त्यातला एक हायड्राचा जुना अधिकारी कार्पोव, क्लीव्हलंडमध्ये लपून राहिलेला. झेमो आधी त्याला गाठतो, उलटं टांगून विचारतो, आणि स्पष्ट सांगतो की तू बोलला नाहीस तर मला हे लाल पुस्तक (त्यात बकीला हुकमाचा ताबेदार करणारे शब्द आहेत) आणि आणखी रक्तरंजित मार्ग वापरावे लागतील. कार्पोव न बोलता मरतो.

हा प्रसंग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो आणि मग ‘झेमोने सगळं आधीच कसं ठरवलं होतं बुवा’ अशी टिंगल सुरू होते. त्याने सगळं आधी ठरवलेलंच नव्हतं. कार्पोव बोलला असता तर व्हिएन्नातला स्फोट झालाच नसता. एक दार बंद झालं की दुसरं ठोठावायचं, अशी ही पद्धत आहे. सैन्यातल्या गुप्त पथकात मुरलेल्या माणसाला ती शोभते.

कार्पोव गेल्यावर उरतो बकी, आणि तो कुठे दडलाय कुणालाच ठाऊक नाही. एकट्या माणसाने जगभर शोधायचं कसं? मग जगालाच शोधायला लावायचं. व्हिएन्नात करारावर शिक्कामोर्तब करण्यासाठी देश जमलेत. तिथे बॉम्ब फोडायचा आणि बकीचा चेहरा चढवून कॅमेऱ्यात दिसायचं. लगेच सगळ्या यंत्रणा बकीमागे लागतात आणि बुखारेस्टमध्ये त्याला हुडकून काढतात. पटकथाकार क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली यांची ही सगळ्यात सुबक चाल. पुढे बर्लिन, जिथे पकडलेल्या बकीला आणतात: त्याला तपासायला येणाऱ्या खऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला मारून त्याच्या जागी स्वतः बसायचं, पार्सलमधून आलेल्या यंत्राने इमारतीची वीज घालवायची, लाल पुस्तकातले दहा शब्द म्हणायचे आणि कार्पोवला विचारलेलाच प्रश्न बकीला विचारायचा. इथे उत्तर मिळतं.

या साखळीत एक भोक मात्र मोठं आहे. बुखारेस्टला गेलेल्या पथकाला दिसताक्षणी गोळी घालण्याची मुभा होती. बकी तिथेच संपला असता तर तळाचा पत्ताही त्याच्याबरोबर संपला असता. तो जिवंत हाती लागतो कारण स्टीव्ह आधी पोचतो, आणि स्टीव्ह पोचतो कारण सीआयएतली शॅरन त्याला खबर देते. झेमोचा यात काडीचाही हात नाही. पटकथेने इथे एखादा संवाद खर्चायला हवा होता.

पत्ता मिळाला, आता तिघांना एका खोलीत आणायचं. स्टीव्ह आणि बकी येणार हे गणित बरोबर आहे. शुद्धीवर आल्यावर बकीला आठवतं की आपल्याला सायबेरियाबद्दल विचारलं गेलं, आणि तिथे गोठवून ठेवलेले आणखी पाच विंटर सोल्जर, म्हणजे बकीसारखेच घडवलेले मारेकरी, आहेत. ते जागे होऊ नयेत म्हणून हे दोघे धावणारच. टोनीसाठी झेमोने वेगळी तजवीज केली आहे: बर्लिनच्या हॉटेलात खऱ्या डॉक्टरचा मृतदेह आणि बकीचं सोंग घ्यायला वापरलेलं सामान. न्याहारी घेऊन आलेल्या बाईला ते दिसतं, बातमी टोनीपर्यंत जाते, बकी निर्दोष असल्याचं त्याला कळतं. चांगलं आहे. पण जायचं कुठे, हे टोनीला तरीही माहीत नसतं! ते सांगतो विमानतळावरच्या हाणामारीनंतर समुद्रातल्या राफ्ट तुरुंगात डांबलेला स्टीव्हचा साथीदार सॅम, आणि तोही टोनीने मित्र म्हणून एकटं जायचं कबूल केल्यावर. सॅमने तोंड उघडलं नसतं तर सायबेरियात तीन माणसं आणि पाच प्रेतं, एवढंच उरलं असतं.

बचाव असा करता येतो की टेप कुठे पळून जाणार नव्हती, टोनीला ती नंतर पाठवता आली असती. बरोबर. पण मग टोनीने ती एकट्याने पाहिली असती, विचार करायला एक रात्र मिळाली असती, बकी शेजारी उभा नसता. झेमोला ती रात्रच नको होती.

खरी गंमत पुढे आहे. टेप पाहून टोनी विचारतो, तुला माहीत होतं? स्टीव्ह आधी टाळतो, मग हो म्हणतो. त्या ‘हो’ने चित्रपट फुटतो. २०१४ च्या ‘द विंटर सोल्जर’मध्ये हायड्राचा शास्त्रज्ञ झोला याने स्टीव्हला स्टार्क दांपत्याच्या मृत्यूची बातमी दाखवली होती, त्यामुळे हे उत्तर हवेतून आलेलं नाही. पण स्टीव्हला ठाऊक आहे हे झेमोला कळण्याचा मार्गच नव्हता. त्याने सुरुंग लावला बकी आणि टोनीमध्ये. मैत्रीखालची दारू स्टीव्हने दोन वर्षं स्वतःच साठवून ठेवली होती. कमकुवत दुवा म्हणून ज्यावर बोट ठेवावं, तीच पटकथेची सर्वात ताकदवान जागा निघते.

बाकी १९९१ साली, निर्मनुष्य रस्त्यावर, नेमक्या कोनात लावलेला आणि खून इतका व्यवस्थित टिपणारा कॅमेरा कुणी बसवला, हे विचारू नका. विचारलं तर पुढची वीस मिनिटं हसू आवरणार नाही.

आता कारण. सोकोव्हिया हा झेमोचा देश, आणि अ‍ॅव्हेंजर्सच्या लढाईत तिथलं शहर उद्ध्वस्त झालं. झेमोचं कुटुंब शहराबाहेर राहत होतं, त्याला वाटलं तिथे ते सुरक्षित आहे. वडील, बायको, मुलगा तिघेही गेले. प्रेतं सापडायला दोन दिवस लागले, तेव्हाही वडिलांच्या मिठीत सून आणि नातू होते. अ‍ॅव्हेंजर्स मात्र घरी निघून गेले. त्याला जग जिंकायचं नाही, कुणाचं राज्यही नको. शत्रूने पाडलेलं साम्राज्य पुन्हा उभं राहतं पण आतून ढासळलेलं कायमचं मरतं, एवढाच त्याचा सिद्धांत. म्हणूनच त्या पाच सोल्जरना तो झोपेतच गोळ्या घालतो. तुमच्यासारखे आणखी मला हवे होते असं वाटलं का, हा त्याचा टोला. ट्रेलरच्या सवयीने पाच महाखलनायकांची हाणामारी अपेक्षित धरलेल्या प्रेक्षकाचे इथे पैसे बुडतात, पण कारण आणि कृती यांचा इतका स्वच्छ मेळ या मालिकेत क्वचितच दिसतो. याच मालिकेतल्या थॅनोस या खलनायकाचं उदाहरण घ्या. निम्मी जीवसृष्टी संपवून संसाधनं वाचवायची म्हणतो, पण पृथ्वीची लोकसंख्या १९७४ मध्ये ४ अब्ज होती आणि २०२२ मध्ये ८ अब्ज झाली. म्हणजे या सगळ्या खटाटोपाने फार तर पन्नासेक वर्षं मिळणार. झेमोचं गणित असं कोसळत नाही, कारण त्यात गणितच नाही.

नैतिक भोक आहे, आणि चित्रपटाला ते माहीत आहे. निरपराधांच्या मृत्यूचा सूड घेणारा हा माणूस व्हिएन्नात निरपराधांनाच मारतो, त्यात वकांडाचा राजा टचाका. त्यातून आणखी एक पोरका मुलगा, टचाकाचा वारस टचाला, सूडाच्या वाटेला लागतो. टचालाने शेवटी झेमोला न मारणं, इतकंच नाही तर त्याला स्वतःला गोळी घालूनही न देणं, हे चित्रपटातलं सर्वात नेमकं उत्तर. चॅडविक बोझमनने ते जवळजवळ कुजबुजत दिलंय.

आता करार. ११७ देशांनी मान्य केलेला जाडजूड दस्तऐवज टेबलावर आपटला जातो, पण त्यात नेमकं काय लिहिलंय हे धड कुणी वाचून दाखवत नाही. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री रॉस आधीच्या चित्रपटांतल्या न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, सोकोव्हियाची दृश्यं लावतो आणि सगळे माना खाली घालतात. अरे, न्यूयॉर्कवर अण्वस्त्र सोडण्याचा हुकूम जागतिक सुरक्षा परिषदेचाच होता ना? वॉशिंग्टनवर कोसळलेली उडती जहाजं हायड्राने पोखरलेल्या सरकारी संस्थेची होती. ‘आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांवर कोण देखरेख ठेवणार’ हा स्टीव्हचा हुकमी मुद्दा होता आणि तो हातात असून खेळलाच जात नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला लागोसमध्ये होणाऱ्या चकमकीचंही तेच. बॉम्ब खलनायक रमलोचा, अ‍ॅव्हेंजर्समधल्या वांडाने तो गर्दीतून वर उचलला म्हणून खालची माणसं वाचली. वरच्या मजल्यावरची गेली हे खरं, पण करारावर सही असती तर त्या क्षणी काय वेगळं घडलं असतं? टोनीची बाजू तरी मजबूत आहे का? तीही नाही. तो अपराधीपणातून बोलतो, युक्तिवादातून नाही. मग बकीचा विषय येतो आणि करार अडगळीत जातो. २००६-०७ च्या मूळ कॉमिक्समध्ये झेमोचा हा डाव नव्हता, पण महानायकांच्या नोंदणीचा कायदा शेवटपर्यंत मध्यावर होता.

लाइपझिग विमानतळावरची स्टीव्ह आणि टोनीच्या गटांची सहा विरुद्ध सहा हाणामारी आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित केली आहे. मोठ्या पडद्यासाठी तेवढं एकच कारण पुरेसं. कथानकाच्या दृष्टीने मात्र ती झेमोच्या डावाला मदत करत नाही, उलट धोक्यात आणते: टोनीच्या गटातल्या नताशाने ऐन वेळी वाट सोडली नसती तर स्टीव्ह आणि बकी तिथेच अडकले असते. टोनीचा मित्र रोड्स कोसळून पायांनी अधू होतो ही योग्य किंमत होती, पण तिच्यावर थांबायला चित्रपटाला सवड नाही. कुणीतरी मरायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांशी मात्र सहमत होता येत नाही. मृत्यू झाला असता तर सगळे एका शोकसभेत पुन्हा जवळ आले असते, आणि झेमो हरला असता.

पाहण्याआधी ‘द विंटर सोल्जर’ आणि ‘एज ऑफ अल्ट्रॉन’ हे दोन पुरेत. पहिल्याशिवाय स्टीव्हचं ‘हो’ लागत नाही, दुसऱ्याशिवाय सोकोव्हिया म्हणजे नुसतं नाव राहतं. दुसऱ्यांदा बघणार असाल तर सुरुवातीचा एमआयटीचा प्रसंग नीट बघा: टोनी यंत्राच्या साहाय्याने आईवडिलांचा शेवटचा निरोप पुन्हा रंगवतो, तो त्याच डिसेंबरमधला. झेमोचा जांभळा मुखवटा हवा असेल तर २०२१ ची ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ ही मालिका बघावी लागेल.