कोल्ड-फॉर्म्ड की हॉट-रोल्ड: कोणती संहिता धरायची?

बहुतेक जण आधी जाडी बघतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोल्ड-फॉर्म्ड, म्हणजे थंड पत्रा वाकवून केलेल्या, पोलादाची अमेरिकी एआयएसआय एस१०० संहिता २५.४ मिमी जाडीपर्यंत चालते. उलट ५ मिमीचा हॉट-रोल्ड (तापवून लाटलेला) अँगल एआयएससी ३६० मध्येच, म्हणजे अमेरिकेच्या पोलादी बांधकामाच्या मुख्य संहितेतच, बसतो. तेव्हा सेक्शन तापवून लाटला आहे की थंड पत्रा वाकवून केला आहे, ते आधी विचारा. अपवाद पोकळ नळ्यांचा. त्या थंडच वाकवलेल्या असल्या तरी एआयएससी ३६० मध्ये येतात. युरोकोड ३ मध्येही, म्हणजे युरोपच्या पोलाद-संहितेतही, त्यांना कोल्ड-फॉर्म्डचा भाग १-३ नव्हे, सर्वसाधारण भाग १-१ लागतो.

खरा फरक बकलिंगचा, म्हणजे दाबाखाली पातळ भाग वाकून फुगण्याचा. २०० × ६० × २० × २ मिमीचा लिपवाला (टोकाच्या कडा आत वळवलेला) सी-सेक्शन घ्या, आतली त्रिज्या २ मिमी. वेबची, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीची, सपाट रुंदी १९२ मिमी, म्हणजे जाडीच्या ९६ पट. ३५० एमपीए यील्ड ताणाच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं) पोलादाला अक्षीय दाबात एआयएससीची सडपातळपणाची मर्यादा ३६ पटीच्या आसपास आहे. पूर्ण ३५० एमपीए ताणाला एस१००च्या सूत्राने या वेबची जेमतेम ८२ मिमी रुंदी कामाची उरते. आता एआयएससी ३६० मध्येही सडपातळ भागांसाठी प्रभावी रुंदी (कामाची उरणारी रुंदी) आहे, मग तीच वापरली तर? तर लिपसकट फ्लँज (वेबच्या टोकाची आडवी पट्टी) वळण्याचा प्रकार, म्हणजे डिस्टॉर्शनल बकलिंग, तपासायचं राहून जातं. एस१००मध्ये त्याची वेगळी तपासणी आहे. लिपवाल्या सेक्शनला एस१००च धरा, यात माझ्या मते वादाला जागा नाही.

हॉट-रोल्डमध्ये हे दुखणं क्वचितच. तिथे बहुतेक वेळा तक्त्यातलं रुंदी-जाडीचं गुणोत्तर बघितलं की पुढे जाता येतं. डोकं खर्च होतं ते बाजूला कलंडण्यावर आणि जोडांवर.

बळ थोडं कमी धरण्याचे गुणांकही वेगळे: दाबातल्या घटकाला एआयएससीत ०.९०, एस१००मध्ये ०.८५. म्हणून एकीचं बळाचं सूत्र आणि दुसरीचा गुणांक अशी खिचडी नको. भारतीय संहितांत तर पद्धतच निराळी: कोल्ड-फॉर्म्डची १९७५ची आयएस ८०१ अनुज्ञेय ताणावर (ताण ठरलेल्या मर्यादेत ठेवण्यावर), तर आयएस ८०० (२००७) मुख्यतः मर्यादा-स्थितीवर (वाढवून धरलेल्या भाराला कमी धरलेलं बळ पुरतं का, यावर).

मुख्य चौकट हॉट-रोल्ड आणि परलिन (छताचा पत्रा पेलणारे आडवे घटक) कोल्ड-फॉर्म्ड झेड-सेक्शनचे असतील तर प्रत्येक घटक आपापल्या संहितेने करा. भार मात्र दोन्हींना एकच. परलिनच्या बोल्टजोडासाठी सर्वांत पातळ भाग मोजा: ४.७६ मिमीपर्यंत एस१००, त्यापुढे एआयएससी.