वर्गातला टीव्ही, नऊ महिन्यांनंतर: आवाज बंद, रिमोट हातात

आमची पाटण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, शिक्षक आम्ही चौघं. गेल्या जूनमध्ये 43 इंची स्मार्ट टीव्ही आला. पैसे गावच्या मुंबईकरांनी जमवले. त्यातले निम्मे माथाडीत आहेत. पाचशे-पाचशे करत 24 हजार उभे राहिले. म्हणजे टीव्ही नुसता भिंतीवर दिसला तर गणपतीला गावी आलेल्या प्रत्येकाला जाब द्यायचा. त्या धाकानेच पहिला महिनाभर रोज लावला, आणि तोच महिना सगळ्यात वाया गेला.

तेव्हा मी अठरा-वीस मिनिटांचे व्हिडिओ सलग लावायचे. पोरं अगदी शांत. मला वाटायचं, काय तल्लीन झालीत! दुसऱ्या दिवशी विचारलं तर आठवत होतं ते सुरुवातीचं संगीत आणि निवेदकाचा चष्मा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा 2014 साली अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारे साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. ते तर आपण होऊन शिकायला बसलेले लोक. माझी पोरं दुपारचा भात खाऊन बसलेली.

जुलैत पावसाने माझं काम सोपं केलं. आमचं छप्पर पत्र्याचं. जोराची सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे टीव्हीच्या त्या पातळ आवाजाचं काय! अमिबाचा व्हिडिओ चालू होता. वैतागून आवाज बंद केला आणि ओरडूनच विचारलं, "काय करतोय रे तो?" पुस्तकातल्या चित्रात अमिबा म्हणजे सांडलेल्या शाईचा डाग, इथे तो अंगातूनच पाय काढून पुढे सरकत होता. मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, पीठ सैल झालं की परातीत असंच पसरतं." मग दुसरा, "पण हा मुद्दाम पसरतोय की." छद्मपाद हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. दीड मिनिटाचा तुकडा तीनदा लावला, तास कधी संपला कळलं नाही.

तेव्हापासून पहिल्यांदा दाखवताना आवाज बंद. बघायचं, थांबवायचं, पोरांनी सांगायचं. निवेदन असलंच तर शेवटी, तपासून घेण्यापुरतं. निवेदकाची भाषा पुण्याची, आमची पाटणची, हेही एक कारण आहे. तुम्ही टीव्ही घेणार असाल तर पडद्याच्या इंचांपेक्षा रिमोटचं थांबवायचं बटण बघा. आमच्या रिमोटवर ते इतकं बारीक आहे की मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

व्हिडिओ चुकीचंही शिकवतो, आणि ते फार छान शिकवतो. हृदयाच्या ॲनिमेशनमध्ये अशुद्ध रक्त निळं दाखवतात. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग मनगटाच्या शिरा दाखवत निळं रक्त सापडल्याचं सांगत होता. ऑक्सिजन कमी झालेलं रक्तही लालच असतं, फक्त गडद, हे पटवायला आणखी एक तास गेला. पण खरी फजिती बेडकाने केली. चाळीस सेकंदांत अंड्यापासून बेडूक! चौथीतल्या एकाने डबक्यातून बेडूकमासे धरून बरणीत आणून ठेवले आणि दोन दिवसांनी माझ्यापुढे उभा, रागाने लाल: "बाई, ह्यास्नी अजून पाय का नाय फुटलं?" व्हिडिओत काळ कापून जोडलेला असतो, हे मोठ्यांना न सांगता कळतं, त्याला वाटलं त्याचीच बरणी नासकी. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायला लावली. मागचे पाय दिसायला आठवडे गेले. आता जिथे काळ पळवलाय तिथे मी व्हिडिओच्या आधीच सांगते, हे खरं किती दिवसांचं आहे.

जे अंगणात दिसतं ते आता टीव्हीवर दाखवत नाही. बी रुजणं, मुंग्यांची रांग, सावली, सगळं बाहेर. गणितालाही नाही, फळ्यावर खडूची चूक पुसता येते, व्हिडिओवाला कधी चुकतच नाही.

आता खटपटीचं. वर्गात थेट ऑनलाइन लावू नका. एकदा जलचक्राच्या मध्येच रमीची जाहिरात आली आणि चौथीची पोरं ती पाठ करून घरी गेली. मी रात्री घरून उतरवून पेनड्राइव्हवर आणते. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 2017 साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपवर उघडतात आणि त्यातलं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. धड्याशी जुळतं, हा मोठा फायदा. फाइल एमपी4 असली तरी पोरांसमोर लावण्याआधी शाळेच्याच टीव्हीवर एकदा लावून बघा. चित्र येतं आणि आवाज येत नाही, असं आमच्याकडे चारदा झालंय. डेटा वाचवायला 480 या कमी चित्रदर्जावर उतरवलेल्या व्हिडिओतली अक्षरं शेवटच्या रांगेतून पुसट दिसतात, 720 पुरतं. खिडकीचा उजेड थेट पडद्यावर येतो, म्हणून आयांनी दिलेल्या जुन्या साड्या टांगल्यात.

लाइटचं विचारू नका. कोयनेचा वीजप्रकल्प 1,960 मेगावॉटचा, त्याचं धरण आमच्याच तालुक्यातलं, आणि दुपारी दीडला आमच्याकडे अंधार. इन्व्हर्टर आणि बॅटरीला आणखी 18 हजार लागले, हा खर्च कुणीच आधी धरत नाही.

एक कबुलीही देऊन टाकते. पोषण आहाराची माहिती भरायची घाई असताना दोन वर्गांना एकत्र बसवून मी व्हिडिओ लावून दिलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. पोरांना ते लगेच कळतं. मी समोर नसले की ती टीव्हीकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात.

आठवड्याला तीन-चारदा, दर वेळी पाच मिनिटांच्या आत, एवढ्यावर आता गाडी स्थिरावलीय. यंदाच्या मे महिन्यात खरे जाड पडदे घ्यायचेत. दोन आयांनी साड्या परत मागितल्यात, आणि हिरवी तर सगळ्यांनाच हवीय.