तेरेसा तेंग की फेय वाँग?
चिनी कवी सू शीने 1076 साली चिनी मध्य-शरद सणाच्या पौर्णिमेला लांब असलेल्या धाकट्या भावाच्या आठवणीत लिहिलेली कविता, तिला लियांग होंग-चींनी चाल लावली, 1983 च्या अल्बममध्ये तैवानची गायिका तेरेसा तेंगने गायली आणि 1995 ला चिनी गायिका फेय वाँगने परत गायली. दोन्ही ऐकून ऐकून पाठ झालीत माझी. फेयचा आवाज पातळ, गार, ढगांवरून आल्यासारखा, सुंदरच आहे. पण तेरेसा पहिल्याच ओळीत "चंद्र कधी उगवला" असं आभाळाला विचारते ना, तेव्हा शब्दाच्या शेवटी आवाज इतका हळू सोडते की हातात पेला धरून उभा असलेला कवितेतला तो माणूसच समोर दिसतो, चिनी येत नसलं तरी. रात्री नुसतं शांत पडायचं असेल तर फेय लावा, घरच्यांची आठवण येत असेल तर तेरेसाच.